जाड भिंतींचे घर आणि बिनतारी इंटरनेट

शाळा सुटली म्हणजे शिक्षकाचे काम सुटत नाही, हे या पुस्तिकेच्या वाचकांस सांगावयास नको. पूर्वी टाचणवही व तपासावयाच्या वह्या तेवढ्या घरी येत. आता त्यांच्या जोडीस यू-डायसचे रकाने, दीक्षावरील प्रशिक्षणे आणि रात्री आठ वाजता मागविलेली व सकाळी दहापर्यंत पोचवावयाची माहिती येते. ही कामे इंटरनेटवाचून होत नाहीत. आणि इंटरनेट घरात आले म्हणजे ते घराच्या प्रत्येक खोलीत आले, असेही नाही. ओसरीवर चलच्चित्र सुरळीत चालते आणि माजघरात साधा निरोप जात नाही, असा अनुभव अनेकांस आहे. त्यावर बहुतेक जण 'कंपनीच वाईट' असे म्हणून थांबतात. कंपनी वाईट असेलही. परंतु पुष्कळदा दोष घराच्या भिंतींचा असतो, आणि तो आपला आपणांस दूर करता येतो. तो कसा, हे माझ्या स्वतःच्या घराच्या आधाराने येथे सांगत आहे.

माझे घर नाशिक रोडला आहे. मूळ नाशिक शहरापासून आठ-नऊ किलोमीटरांवर रेल्वे स्टेशनाच्या आधाराने ही वस्ती वाढली, आणि गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात येथे सिक्युरिटी प्रेस व नोटांचा छापखाना आल्यावर ती आणखी पसरली. अशा वाढत्या वस्तीतील जुने घर सहसा एका वेळी बांधलेले नसते. आमचे घर तीन पिढ्यांनी तीन वेळा बांधले. पुढील भाग आजोबांचा, काळ्या दगडाचा. त्याच्या भिंती दोन फूट जाड. त्यामागे वडिलांनी विटांचे स्वयंपाकघर काढले. त्याच्याही मागे सिमेंट-काँक्रीटची एक खोली व जिना मी बांधला, आणि तिच्या स्लॅबवर पत्र्याची एक खोली चढविली. घराची रुंदी सोळा फूट आणि लांबी पंचावन्न फूट. आगगाडीच्या डब्यासारखी एकामागे एक अशी या खोल्यांची ओळ आहे. इंटरनेटची तार रस्त्यावरच्या खांबावरून आली, ती जोडणाऱ्या माणसाने सर्वांत जवळच्या खिडकीतून आत घेतली आणि तेथेच, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, राउटर ठोकून तो निघून गेला. त्याची सोय झाली. आमची गैरसोय त्या दिवसापासून सुरू झाली.

२०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या तेव्हा ही गैरसोय खरी कळली. पुढच्या खोलीत वडील आजारी होते, म्हणून तेथे बोलणे शक्य नव्हते. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. मागच्या खोलीत तिचे पुस्तक, तिची खुर्ची, तिचा दिवा; परंतु तेथे तास दिसत नसे. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मात्र काहीसे येत असे. ती चार महिने त्या पायरीवर बसून शिकली. गणिताच्या एका चाचणीची उत्तरपत्रिका दिलेल्या वेळात चढली नाही आणि तिला त्या चाचणीत शून्य मिळाले. तिने गणिते सोडविली होती. ती भिंतीपलीकडे गेली नाहीत, इतकेच. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी तेव्हा फोनच नव्हता, हे मी जाणतो; त्यांच्या अडचणीपुढे आमची अडचण फार लहान होती. तरीही, त्या शून्यामुळे मी या विषयाचा पाठपुरावा केला हे खरे.

प्रथम, राउटर करतो काय ते पाहू. तो एक लहानसा बिनतारी प्रक्षेपक आहे आणि तोच ग्राहकही आहे. तारेतून आलेली माहिती तो विद्युत्‌चुंबकीय लहरींवर बसवून सभोवार सोडतो व फोनाकडून आलेल्या लहरी झेलतो. आकाशवाणीच्या लहरी व या लहरी एकाच जातीच्या. भेद केवळ तरंगलांबीचा. घरगुती राउटर बहुधा दोन पट्ट्यांत बोलतो: एक २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. आपल्या देशात यांपैकी पहिला पट्टा २००५ मध्ये आणि दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवान्यावाचून वापरण्यास मोकळा करण्यात आला. त्यावर ताकदीची मर्यादा मात्र कायद्याने घातलेली आहे.

तरंगलांबी काढण्याचे गणित सातवीच्या मुलासही जमेल. लहर एका सेकंदात ३० कोटी मीटर जाते. २.४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदात २४० कोटी कंपने. भागाकार केला की एक-अष्टमांश मीटर, म्हणजे १२.५ सेंटिमीटर येतात. ५ गिगाहर्ट्‌झसाठी ६ सेंटिमीटर येतात. हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. घरातील बहुतेक कोडी त्यांनी सुटतात. लांब लहर अडथळ्यातून अधिक निभावून जाते, परंतु तिच्या पट्ट्यात माहिती कमी मावते व शेजाऱ्यांची गर्दीही तेथेच असते. आखूड लहर पुष्कळ माहिती नेते, पण एक-दोन भिंतींतच थकते. म्हणून राउटर असलेल्या खोलीत ५ चा पट्टा आणि भिंतीपलीकडे २.४ चा पट्टा, असा सामान्य नियम धरावा.

लहरी भिंतीपार जातात ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली होती. तथापि घंटा वाजण्यास लहरीचा एक धक्का पुरतो. तास पाहावयाचा तर एका सेकंदात लाखो खुणा न चुकता पोचाव्या लागतात. म्हणून 'दांडी तर दिसते, मग चालत का नाही?' हा प्रश्न पडतो. फोनवरची एक दांडी म्हणजे घंटा वाजण्याइतकी लहर, असे समजावे.

आता अडथळ्यांकडे वळू. कोरडी वीट व लाकूड लहरीचा काही भाग शोषतात, बराचसा सोडतात. जाड दगडी भिंत व काँक्रीट पुष्कळ शोषतात. पाणी फारच शोषते. म्हणून पाण्याची टाकी, भरलेला रांजण, ओल आलेली भिंत आणि माणसांनी भरलेली खोली हे सर्व अडथळेच होत. धातूची गोष्ट निराळी आहे. धातू लहरीला शोषीत नाही, परतवितो. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट, धान्याची कोठी, मोठा आरसा यांच्या मागे लहरीची सावली पडते. जाळीचे छिद्र तरंगलांबीहून पुष्कळ लहान असेल तर लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच भासते. खिडकीच्या गजांमधून ती सहज जाते. डासांसाठी लावलेल्या धातूच्या बारीक जाळीतून जात नाही. गिलावा फुटू नये म्हणून खांब व वीटकाम यांच्या सांध्यावर गवंडी खुराड्याची तारजाळी ठोकतो, तीही आतून हेच काम करीत असते आणि वरून दिसत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चोरीच्या व उंदरांच्या भयाने राउटर लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप घातलेले मी दोन शाळांत पाहिले आहे. दोन्हीकडे 'आमच्याकडे रेंजच नाही' अशी तक्रार होती. ज्यांस वर्गात याचा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी चालू ट्रान्झिस्टर स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावावे. आवाज लहरीचा थांबतो की डब्यामुळे नुसता दबतो, असा प्रश्न हुशार मूल विचारील. तेव्हा तोच ट्रान्झिस्टर मातीच्या मडक्यात ठेवून दाखवावा. मोबाइल फोन मात्र या प्रयोगास तितका भरवशाचा नाही. झाकणाच्या बारीक फटीतूनही लहर शिरते आणि तो ऐन वेळी वाजून शिक्षकाचे हसे करतो.

उपाय करण्यापूर्वी मोजमाप करावे. हे मी शिकलो ते पैसे घालविल्यानंतर. लहरीचे बळ दाखविणारी विनामूल्य अ‍ॅप्स फोनवर मिळतात. ती हे बळ डीबीएम या मापात, उणे चिन्हासह दाखवितात. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत चांगले, उणे ७५ च्या पुढे त्रास, उणे ८५ च्या पुढे जवळजवळ अंधार. या मापाची मेख अशी की दहांचा फरक म्हणजे बळ दसपट कमी, आणि तीनचा फरक म्हणजे निम्मे. घराचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून प्रत्येक खोलीतील आकडा त्यावर लिहावा. दारे उघडी व बंद अशा दोन्ही वेळी मोजावे. सहावी-सातवीच्या मुलांना प्रमाणबद्ध नकाशा शिकविताना शाळेच्या इमारतीवर हेच काम द्यावे. मुले ते फार आवडीने करतात.

माझ्या घरात २.४ च्या पट्ट्यात असे आकडे आले: पुढच्या खोलीत राउटरपासून दोन मीटरांवर उणे ४२, दगडी भिंतीपलीकडे माजघरात, चार मीटरांवर, उणे ६३, स्वयंपाकघरात, आठ मीटरांवर, उणे ७८, आणि मागच्या खोलीत, सोळा मीटरांवर, उणे ८८. पहिल्या व शेवटच्या आकड्यात ४६ चा फरक आहे. म्हणजे मागच्या खोलीत लहरीचा सुमारे चाळीस हजारावा भागच उरत होता. हा दोष अंतराचा की भिंतींचा? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले म्हणजे बळ चौथाईवर येते, या मापात सहाने उतरते. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा: तीन वेळा दुप्पट, म्हणून अठरा. उरलेले अठ्ठावीस भिंतींचे व स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या लोखंडी कपाटाचे. अंतराने बळ चौसष्टपट घटविले, तर भिंतींनी सहाशेपटींहून अधिक. हा हिशेब मी आधी केला असता तर पुढील दोन चुका टळल्या असत्या.

पहिली चूक, मी चार दांड्यांचा महाग राउटर आणला. दुकानदार म्हणाला, 'सगळे घर व्यापील.' मागच्या खोलीतील आकडा तीनने सुधारला. कामात फरक पडला नाही. याचे कारण शिक्षकास चटकन कळेल. मैदानाच्या एका टोकास शिक्षक ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहिला तर दुसऱ्या टोकाचे मूल त्याचे ऐकेल. पण मुलाचे उत्तर शिक्षकापर्यंत येणार नाही, कारण मुलाच्या हाती ध्वनिक्षेपक नाही. इंटरनेटचे संभाषण दुतर्फी असते. आपल्या फोनचा आवाज लहान आहे, आणि राउटर कितीही दांडगा आणला तरी तो वाढत नाही. मुलीची उत्तरपत्रिका चढली नव्हती ती याचमुळे: तास तिला तुटक का होईना दिसत असे, तिचे उत्तर मात्र परत येत नसे.

दुसरी चूक रिपीटरची. हे भिंतीतील प्लगात खोचण्याचे लहान यंत्र. ते राउटरचे ऐकते व पुन्हा बोलून दाखविते. मी ते मागच्या खोलीत लावले, कारण अडचण तेथे होती. पण ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्यास काय सांगणार? ते अर्ध्या वाटेवर, जेथे आकडा उणे ६५ च्या आसपास आहे तेथे लावावयाचे असते. माजघरात हलविल्यावर ते चालू लागले, पण वेग निम्म्यावर आला. शुद्धलेखनाच्या तासाला एक मूल मध्ये उभे करून त्याच्या तोंडून मागच्या रांगेस मजकूर सांगविला, तर त्याला आधी ऐकावे व मग बोलावे लागते. दोन्ही एकाच वेळी होत नाही. साध्या रिपीटरचे तसेच असते. भाड्याच्या घरात, जेथे खिळाही ठोकता येत नाही, तेथे तो उपाय वाईट नाही. अनेक यंत्रांची 'मेश' म्हणून मिळणारी संचयोजना याहून सुधारलेली असते, तथापि दोन फूट दगडापुढे तिलाही तीच अडचण येते.

यास्तव जाड भिंतींच्या घरात मला एकच उपाय खात्रीचा वाटतो. भिंत ओलांडण्याचे काम लहरीकडे देऊ नये, तारेकडे द्यावे. लहरीने फक्त खोलीपुरते काम करावे. तारेला दगड, पत्रा, कपाट यांचे काही वाटत नाही. या कामाची तार, जिला दुकानात लॅन केबल किंवा कॅट-६ म्हणतात, तीत तांब्याच्या आठ तारा दोन-दोनच्या पिळांनी चार जोड्यांत असतात. बाहेरचा विद्युत्‌-गोंगाट आत शिरू नये म्हणून हा पीळ. तिच्यातून शंभर मीटरांपर्यंत माहिती पूर्ण वेगाने जाते. इतके लांब घर आपल्यापैकी कोणाचे नसेल.

दगडी भिंतीस भोक पाडण्यास घरातून विरोध झाला, आणि तो योग्यच होता. चैत्र-वैशाखात त्या भिंतींमुळेच पुढच्या खोल्या थंड राहतात. त्या दुखवू नयेत. खिडकीच्या चौकटीतील मूळच्याच फटीतून तार बाहेर काढली, शेजारच्या बोळातून वळचणीखालून प्लास्टिकच्या नळीत घालून नेली आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून आत घेतली. एकूण बावीस मीटर भरली. नळी यासाठी की उघड्या उन्हात तारेचे वेष्टण दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. विजेच्या तारांच्या नळीत ही तार कधीही घालू नये. आणि दोन निरनिराळ्या इमारतींमध्ये तांब्याची तार ओढू नये, कारण वळवाच्या विजांचा धक्का तिच्यातून दोन्ही यंत्रांपर्यंत येऊ शकतो. तेथे काचतंतूची तार वापरावी.

मागच्या टोकास जुनाच राउटर लावला. त्यासाठी त्याच्या मांडणीत 'अ‍ॅक्सेस पॉइंट' हा प्रकार निवडावा लागतो, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम पुढचा राउटर करतो व मागचा केवळ आवाज देतो. हे न केल्यास दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात आणि एका वर्गात दोन हजेरीपट असल्यासारखा घोळ होतो. दोघांचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवावा. २.४ च्या पट्ट्यात १, ६ व ११ हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत; पुढच्यास १ व मागच्यास ११ दिला. स्वयंपाकघरापाशी फोन कधी कधी दूरच्या राउटरला धरून बसतो. तेव्हा फोनचे वायफाय एकदा बंद करून चालू करावे, की तो जवळचा धरतो.

राउटर जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नये. डोक्याइतक्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा. त्याच्या उभ्या दांडीपासून लहरी गोळ्यासारख्या सगळीकडे सारख्या जात नाहीत. त्यांचा आकार मेदूवड्यासारखा असतो: दांडी भोकात, आणि पसारा आडवा. म्हणून वरच्या मजल्यासाठी एक दांडी आडवी करून पाहावी. आमची पत्र्याची खोली स्लॅबच्या वर असूनही आता तेथे उणे ६० येते. खालच्या मागील खोलीत उणे ४५. वीज गेली म्हणजे दोन्ही राउटर बंद पडतात, याला उपाय राउटरपुरत्या लहान बॅटरीचा. बाजारात ती मिनी-यूपीएस या नावाने मिळते व काही तास पुरते. घेताना राउटरवर लिहिलेले व्होल्ट व तिच्यावरचे व्होल्ट सारखे आहेत ना, एवढे पाहावे. तार, नळी व दोन जोड यांना लागलेला सर्व खर्च त्या चार दांड्यांच्या राउटरच्या एक-षष्ठांशाहून कमी झाला.

घराची लांबी कमी व भिंती अर्ध्या विटेच्या असतील, तर यांतील काहीच करावयास नको. जोडणाऱ्या माणसास उभे करून राउटर घराच्या मध्यावर लावून घ्यावा; चार-सहा मीटर जास्त तार लागेल, ती त्याच्याकडे असते. एकदा तो गेला की पुन्हा येत नाही.

श्रावणात सगळी मोजणी मी पुन्हा केली. दगडी भिंतीला पुढून ओल धरली होती. माजघरातील आकडा पहिल्या राउटरकडून उणे ६३ चा उणे ६६ झाला होता, म्हणजे बळ निम्मे. मागच्या खोलीतील आकडा होता तोच. नळीच्या बाहेरच्या तोंडाशी मात्र मुंग्यांनी वारूळ केले होते. ते काढून तोंड चिंधीने बंद केले व वर मेण लावले. ज्यांनी अशी नळी टाकली असेल त्यांनी पावसाळ्याआधीच तेवढे करून घ्यावे.